भित्तिपत्रकाचा संपादक कोण?

आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात एक काचेची चौकट असते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'भित्तिपत्रक' असे रंगवलेले असते. आत काय असते? एक सुविचार, जयंतीनिमित्त काढलेले एक चित्र, कोठल्यातरी पुस्तकातून उतरवून घेतलेली माहिती, दोन कविता आणि चार कोडी. महाविद्यालयांचे वार्षिक अंक यापेक्षा जाड असतात, पण फार वेगळे नसतात. वर्षभरात शाळेत जे खरोखर घडले, गावात ज्याची चर्चा झाली, मुलांनी ज्याची धास्ती घेतली, ते तेथे सहसा सापडत नाही.

असे का होते? मुलांना लिहिता येत नाही, हे उत्तर आम्हांला पटत नाही. पावसाच्या नोंदी, पक्षिनिरीक्षण, गावच्या बाजाराचे सर्वेक्षण ही कामे मुले उत्तम करतात. खरे कारण असे की, काय लावायचे आणि काय काढायचे हे कोणी व कशाच्या आधारे ठरवायचे, याचा निर्णयच झालेला नसतो. नियम माहीत नसला की माणूस सर्वांत सुरक्षित वाट धरतो. सुविचार ही ती सुरक्षित वाट होय.

विज्ञानाला वाहिलेल्या मासिकात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की, संपादकाचे स्वातंत्र्य आणि त्याची नैतिक जबाबदारी ही तराजूची दोन पारडी नव्हेत, की एक वर गेले की दुसरे खाली यावे. दोन्हींचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे पडताळणी. ही गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्याला इतरांपेक्षा लवकर कळते. नांदेड-लातूर भागातील एका अनुभवावरून ती तपासून पाहू.

जमिनीतून आलेला आवाज

नांदेड शहराच्या काही भागांत २००६-०७ पासून काही वर्षे जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येत आणि लहान धक्के जाणवत. सप्टेंबर २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात हासोरी गावी असेच आवाज सुरू झाले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ इतका धक्का नोंदला गेला आणि तो नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. अशा प्रत्येक वेळी लोक घराबाहेर आले, आणि प्रत्येक वेळी बातमीच्या आधी अफवा पोचली.

आता समजा, असा आवाज रात्री आला आणि दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकाच्या संपादक मंडळाची बैठक आहे. मंडळात नववी-दहावीची पाच-सहा मुले आहेत. एक म्हणतो, "मोठा भूकंप येणार, अशी बातमी लावू." दुसरी म्हणते, "काही घाबरण्याचे कारण नाही, असे लिहू." आणि सर म्हणतात, "या विषयावर काहीच नको. उगाच घबराट होईल."

या तिन्ही सूचना वरवर वेगळ्या दिसतात. पण नीट पाहिले तर तिन्हींत एकच दोष आहे. कोणीही काहीही तपासलेले नाही. पहिली सूचना भीती पसरवते, दुसरी खोटा दिलासा देते. तिसरी मात्र जबाबदारीची वाटते, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

गप्प बसण्याची किंमत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचा रिश्टर आकडा सुमारे ६.२ होता. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा काही फार मोठा नव्हे. माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद अंगावर पडून.

याआधी वर्षभर काय घडत होते? ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते, आवाज येत होते. ऑक्टोबर १९९२ मधील एक धक्का तर चारच्या पुढचा होता. गावकरी काळजीत होते. त्यानंतर धक्के कमी झाले आणि काळजीही ओसरली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या धक्क्यांवरून १९९३ च्या भूकंपाचे भाकीत करता आले असते, असे आम्ही म्हणत नाही. भूकंप कोठे, केव्हा, किती मोठा होईल, हे आजही कोणाला सांगता येत नाही. लहान धक्क्यांची अनेक सत्रे मोठ्या भूकंपाविना संपतात. पण भाकीत करता येत नाही म्हणून काहीच सांगता येत नाही, असे मात्र नाही. आपल्या गावी इतके धक्के नोंदले गेले, दगड-मातीची भिंत धक्क्यात कशी ढासळते, माळवदावर दरवर्षी मातीचे थर चढवल्याने वजन किती वाढते, अंथरूण कोणत्या भिंतीपासून दूर असावे, ही माहिती खरी होती, उपयोगाची होती आणि तिच्यासाठी भाकिताची गरज नव्हती.

म्हणून 'घबराट होईल' एवढ्या कारणावरून बातमी थांबवणे ही नेहमीच जबाबदारी ठरत नाही. पुष्कळदा ती अफवेला मोकळे रान देणारी गोष्ट असते. जेथे तपासलेली बातमी नसते तेथे न तपासलेली बातमी बसते. आता तर ती व्हॉट्‌सॲपवरून काही क्षणांत सर्व गावात पोचते.

बातमी तपासायची कशी?

मग संपादक मंडळाने काय करावे? प्रथम निरीक्षणे गोळा करावीत. आवाज कोणी ऐकला, किती वाजता, किती वेळ, घरात की उघड्यावर? भांडी वाजली का, टांगलेला दिवा हलला का? शाळेतली मुले दहा-वीस वस्त्यांतून येतात, त्यामुळे एका दिवसात शंभर नोंदी मिळणे अवघड नाही. त्या गावाच्या नकाशावर मांडल्या की कोणत्या भागात धक्का अधिक जाणवला हे दिसू लागते. हे काम कोणतेही मोठे वृत्तपत्र करीत नाही. ते शाळेचे भित्तिपत्रकच करू शकते.

दुसरी पायरी जाणकारांची. दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र देशात नोंदलेल्या धक्क्यांची माहिती प्रसिद्ध करते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने मराठवाड्यातील धक्क्यांचा अभ्यास केला आहे. उथळ, लहान धक्क्यांत जलद कंपने असतात. आपल्या काळ्या पाषाणासारख्या कठीण खडकातून ती फारशी क्षीण न होता वर येतात आणि हवेत शिरली की कानाला आवाज म्हणून जाणवतात. म्हणून धक्का न जाणवताही आवाज ऐकू येऊ शकतो. पावसाळ्यानंतर भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने असे धक्के बसत असावेत, असा कयास काही संशोधकांनी नांदेडच्या बाबतीत मांडला आहे.

तिसरी पायरी हिशेबाची. रिश्टर मापनावर आकडा एकाने वाढला की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. मग २ च्या धक्क्यात आणि ६.२ च्या भूकंपात किती फरक? फरक ४.२ चा, म्हणजे ऊर्जा सुमारे २० लाख पट. हा हिशेब करणारा विद्यार्थी 'किल्लारीची पुनरावृत्ती' असा मथळा लिहिताना दोनदा विचार करील. त्याला तसे करू नको म्हणून सांगण्याची गरज पडणार नाही.

शेवटी लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. निरीक्षण: 'रात्री दहाच्या सुमारास ६३ जणांनी आवाज ऐकल्याचे सांगितले.' अनुमान: 'हा उथळ, लहान धक्का असावा.' मत: 'शाळेच्या जुन्या इमारतीची तपासणी व्हावी.' पहिल्याला पुरावा लागतो, दुसऱ्याला कारण लागते आणि तिसऱ्याखाली नाव लागते. प्रयोगवहीत आपण हाच भेद शिकवतो. तो भित्तिपत्रकावरही पाळला की अर्धी नीती आपोआप पाळली जाते.

अडचणीची बातमी

भूकंपाची बातमी कोणाच्या विरुद्ध नसते. स्वातंत्र्याची खरी परीक्षा पुढे आहे.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. देशभर ही बातमी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. भागाकार केला तर माणशी दीड लिटरही पाणी येत नाही. पन्नास टाक्यांची गाडी धरली तरी माणशी साडेसहा लिटर. सातवीचा विद्यार्थी हा भागाकार करू शकतो. त्यातून कोणाचा अपमान होत नाही. पण गाडीचे स्वागत करणाऱ्यांना तो आवडेलच असे नाही.

आणखी जवळ येऊ. समजा, विज्ञान मंडळाच्या मुलांनी शाळेच्याच टाकीतले पाणी तपासले. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ती दिवस-दोन दिवस ठेवली. पाणी काळे पडले. याचा अर्थ त्यात मैला मिसळल्याची शक्यता आहे. आता बातमी लावायची की नाही?

येथे सर्वांत सोपे उत्तर 'शाळेची बदनामी होईल' हे असते. पण टाकीचे पाणी मुलेच पितात. ही माहिती दडवून कोणाचे संरक्षण होते? दुसऱ्या बाजूने, एका बाटलीवरून 'शाळेत विषारी पाणी' असा मथळा देणे हेही चुकीचे. चाचणी किमान तीन वेळा व्हावी, शेजारी उकळलेल्या पाण्याची बाटली तुलनेसाठी ठेवावी, टाकी आणि नळ यांचे नमुने वेगळे घ्यावेत. मग निष्कर्ष मुख्याध्यापकांना दाखवून त्यांचे म्हणणे विचारावे आणि ते बातमीतच छापावे. नमुना प्रयोगशाळेत पाठवला असल्यास तसे लिहावे. पाणी पिऊ नका ही सूचना मात्र बातमीची वाट न पाहता त्याच दिवशी द्यावी. आधी सुरक्षितता, मग बातमी, हा क्रम कोणत्याही संपादकाला लागू आहे.

कायदा आणि इतिहास काय सांगतात?

अमेरिकेतील मिसुरी राज्यात हेझलवुड ईस्ट या शाळेचे 'स्पेक्ट्रम' नावाचे विद्यार्थी वृत्तपत्र होते. १९८३ मध्ये त्याच्या एका अंकात शाळकरी मुलींच्या गरोदरपणावर आणि आईवडिलांच्या घटस्फोटावर लेख होते. मुख्याध्यापकांना वाटले की नावे बदलली तरी मुली ओळखू येतील, आणि घटस्फोटाच्या लेखात वडिलांना बाजू मांडण्याची संधी दिलेली नाही. त्यांनी मुलांना न विचारता दोन पूर्ण पाने काढून टाकली. त्या पानांवरचे इतर निरुपद्रवी लेखही त्यात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. शैक्षणिक कारण असेल तर शाळा अशा वृत्तपत्रावर नियंत्रण ठेवू शकते, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी १९६९ मध्ये याच न्यायालयाने, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ हाताला काळी फीत बांधणाऱ्या मुलांचा हक्क मान्य केला होता. हेझलवुडनंतर काही राज्यांनी विद्यार्थी वृत्तपत्रांना संरक्षण देणारे कायदे केले.

या प्रकरणातून शिकण्यासारखे काय? मुख्याध्यापकांच्या दोन्ही शंका कोणत्याही चांगल्या संपादकाच्या शंका होत्या. त्या मुलांसमोर मांडल्या असत्या तर लेख सुधारले असते आणि मुले दोन महत्त्वाचे धडे शिकली असती. पाने काढून टाकल्यावर ती एकच धडा शिकली, तो म्हणजे शेवटचा शब्द अधिकाराचा असतो.

आपल्याकडे घटनेच्या कलम १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि १९(२) मध्ये त्यावर कोणती वाजवी बंधने घालता येतात याची यादी आहे. अब्रुनुकसानी, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता ही कारणे त्या यादीत आहेत. 'संस्थेला अवघडल्यासारखे होईल' हे नाही. १९८६ मध्ये केरळातील तीन शाळकरी भावंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वातंत्र्य शाळेतील मुलांनाही लागू केले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना काढून टाकले होते. तो निर्णय न्यायालयाने रद्द केला. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम १३ मुलांच्या अभिव्यक्तीविषयी आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

मराठवाड्याला तर हा विषय नवा नाही. १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढण्यात आले. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून निघे. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल हैदराबादेत हत्या झाली. पुढे महिन्याभरातच, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये याच तारखेला स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. तेथे आज माध्यमशास्त्रही शिकवले जाते. ज्या भागाने मोकळ्या शब्दासाठी एवढे सोसले, तेथील शाळेची चौकट केवळ सुविचारांसाठी राहावी, हे बरे दिसत नाही.

जे छापू नये ते

स्वातंत्र्याच्या बाजूने इतके बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. काही गोष्टी खऱ्या असूनही छापायच्या नसतात.

अत्याचाराला बळी पडलेल्या, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातही कलम २३ तेच सांगते. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार यांतून मूल ओळखू येत असेल तर तीही ओळखच. लहान गावात 'आठवीतील एक मुलगी, वडील सुतारकाम करतात' एवढे पुरते.

कायद्याच्या बाहेरचीही काही क्षेत्रे आहेत. लातूर पॅटर्नमुळे आपल्या भागात गुणांना फार मोठे स्थान आले आहे. गुणवंतांची छायाचित्रे लावण्यास हरकत नाही, पण नापासांची यादी, चाचणीत कमी पडलेल्यांचा उपहास, फी न भरलेल्यांची नावे भित्तिपत्रकावर येता कामा नयेत. परीक्षेतील कॉपी हा लिहिण्याजोगा विषय आहे. ती का होते, मुलांना काय वाटते, यावर लेख जरूर व्हावा. मात्र पकडलेल्या मुलाचे नाव त्यात असण्याचे कारण नाही. कसोटी सोपी आहे: हा तपशील काढला तर वाचकाचे काही नुकसान होते का? होत नसेल आणि तो ठेवल्याने एखाद्याचे होत असेल, तर तो काढावा. वर्गातील दुबळ्याविरुद्ध वापरले जाते ते स्वातंत्र्य नव्हे, ती दांडगाई होय.

एक पानाची सनद

हे सर्व प्रत्यक्षात आणण्यासाठी जून महिन्यात संपादक मंडळ, मार्गदर्शक शिक्षक आणि मुख्याध्यापक यांनी बसून एक पानाची सनद लिहावी असे आम्ही सुचवतो. तिच्यात पुढील मुद्दे असावेत.

१. विषय निवडणे, मथळा देणे आणि क्रम लावणे हा विद्यार्थी संपादकांचा अधिकार.

२. शिक्षक तीनच कारणांनी मजकूर थांबवू शकतील: तो तपासलेला नाही, त्याने एखाद्या व्यक्तीला अकारण इजा होते, किंवा तो कायद्याविरुद्ध आहे. गैरसोयीचा आहे, हे कारण चालणार नाही.

३. थांबवल्यास कारण लेखी द्यावे, दोन दिवसांत द्यावे आणि काय सुधारले तर मजकूर लागेल तेही सांगावे.

४. ज्याच्यावर टीका आहे त्याचे म्हणणे आधी विचारावे व त्याच अंकात छापावे.

५. प्रत्येक लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे. निनावी मजकूर नको. लेखकाला धोका असेल तरच नाव राखावे, पण ते संपादक व शिक्षक यांना माहीत असावे.

६. चूक निघाल्यास दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत लावावी.

सहावा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मुलांच्या मनावर तोच सर्वांत खोल ठसतो. चुकीची दुरुस्ती म्हणजे शिक्षा नव्हे, ती कामाचाच भाग आहे, हे विज्ञानाच्या इतिहासात पानोपानी दिसते. जेथे चुकीला भीती चिकटते तेथे मुले चूक लपवतात किंवा काही लिहीतच नाहीत.

काही शिक्षक म्हणतील, एवढा उपद्व्याप हवाच कशाला? पालक येतील, संस्थाचालक विचारतील. ही अडचण खरी आहे आणि तिचा भार बहुधा एकट्या शिक्षकावर पडतो. म्हणूनच सनदेवर मुख्याध्यापकांची सही हवी आणि ती चौकटीतच लावलेली हवी. कोणी विचारले तर शिक्षकाला बोट दाखवायला ती जागा असते. नियम लिहिलेला असला की त्याचे संरक्षण मुलांइतकेच शिक्षकालाही मिळते.

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे आमचे उत्तर असे: भित्तिपत्रकाचा संपादक विद्यार्थीच. शिक्षक हा त्याचा पहिला आणि सर्वांत चिकित्सक वाचक. 'हे तुला कसे कळले?' हा प्रश्न त्याने प्रत्येक लेखाला विचारावा. उत्तर समाधानकारक असेल, तर लेख चौकटीत लावण्यासाठी टाचण्या स्वतः हातात द्याव्यात.